इरोरी पेटती ठेवणाऱ्यांचे आभार

जपानमधल्या कावासाकी शहरातलं निहोन मिंका-एन हे जुन्या घरांचं खुलं संग्रहालय १९६७ साली सुरू झालं. तिथे इरोरी, म्हणजे जमिनीतली चौकोनी चूल, पेटवणाऱ्या सगळ्या स्वयंसेवकांचे मनापासून आभार! धूर वर चढतो, गवती छपरातली ओल काढतो, किड्यांना पिटाळतो. वाशांवर, बांधणीच्या दोरांवर काजळीचा काळाभोर थर बसतो. चूल थंड राहिली की छप्पर दमट होतं, मग गवत कुजायला लागतं. सरपण सुकंच हवं, ओल्यानं नुसते डोळे चुरचुरतात. जाळही लहानच, डोक्यावर सगळं गवत आहे ना! हे सांभाळत दिवसभर धुरात बसणं सोपं नाही. पाहायला जाणाऱ्यांनी बूट काढून वर चढावं आणि चुलीपाशी बसलेल्यांना खुशाल प्रश्न विचारावेत.