केबिनला एसी आला, आता इंजिन बंद करण्याचा नियमही हवा

मा. संपादक,

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. निर्णय योग्यच, खरे तर फार उशिरा झालेला. मात्र या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर चालतो. मे महिन्यात भिवंडीच्या गोदामाबाहेर किंवा न्हावा-शेव्याच्या रांगेत रात्र काढणाऱ्या चालकाला गारव्यात झोपायचे तर इंजिन रात्रभर चालू ठेवावे लागणार. त्यात त्याचा दोष काय?

अमेरिकेतील राज्यांनी हा प्रश्न आपल्या आधी हाताळला आहे. कॅलिफोर्नियात दहा हजार पौंडांवरील (सुमारे साडेचार टन) डिझेल मालवाहनाचे इंजिन जागेवर पाच मिनिटांहून जास्त चालू ठेवता येत नाही. २००८ पासून झोपण्याची बर्थ असलेले ट्रकही त्यातून सुटत नाहीत. दंड किमान ३०० डॉलर. न्यूयॉर्क शहरात मर्यादा तीन मिनिटांची, शाळेलगत एकच मिनिट. व्हिडिओसह तक्रार करणाऱ्या नागरिकाला दंडाचा चौथा हिस्सा मिळतो. ही शेवटची युक्ती इथे आणू नये. आपल्याकडे तिचा धंदा व्हायला आठवडाही लागणार नाही.

घेण्यासारखा आहे तो पेन्सिल्व्हेनियाचा २००८चा कायदा. तिथे तासाभरात पाच मिनिटांची मर्यादा आहेच, शिवाय ट्रक जिथे माल भरतात, उतरवतात किंवा थांबतात त्या जागेच्या मालकावरही जबाबदारी टाकली आहे. पंधरा वा अधिक ट्रकांची जागा असेल तर फलक लावणे बंधनकारक. आपल्याकडे ट्रक ताटकळतो तो बहुधा गोदामवाल्यामुळे किंवा कारखान्याच्या गेटमुळे, आणि पावती मात्र चालकाच्या नावे फाटते.

नुसत्या दंडाने तिथेही भागले नाही. केबिनसाठी वेगळे छोटे डिझेल इंजिन आणि कॉम्प्रेसर बसवला की तेवढे वजन वाढते आणि माल कमी भरावा लागतो. म्हणून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा उपकरणासाठी ५५० पौंडांपर्यंत (सुमारे २५० किलो) जादा वजनाची मुभा राज्यांना देऊ दिली आणि त्यावरील १२ टक्के अबकारी करही माफ केला. तिथले मोठे इंजिन उभ्या उभ्या तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल पिते, हे छोटे इंजिन लिटरभरही नाही.

आपल्यासाठी बॅटरीवरचा पार्किंग एसी, म्हणजे इंजिन बंद असतानाही चालणारा एसी, जास्त सोयीचा. सरासरी ५०० वॅट धरले तर २४ व्होल्टवर सुमारे २१ अँपिअर, आठ तासांत १७० अँपिअर-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे साडेतीनशे अँपिअर-अवरची बँक (जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच) लागेल. लिथियम असेल तर दोनशेची पुरते. चूक होते ती एसी थेट स्टार्टिंगच्या बॅटऱ्यांना जोडण्यात. पहाटे सेल्फ लागत नाही, गाडी ढकलायची वेळ येते आणि दुसऱ्या रात्रीपासून चालक पुन्हा इंजिन चालू ठेवू लागतो. बँक वेगळी हवी, मध्ये आयसोलेटर (दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारे उपकरण) आणि व्होल्टेज घसरताच तोडणारा कटऑफ हवा. उलट हिशेबही पाहा: इंजिन चालू ठेवले तर तासाला दीड लिटर धरले तरी रात्रीत १२ लिटर, म्हणजे हजार रुपयांहून जास्त.

बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) इंजिनाला तर हे उभे चालणे मानवतच नाही. धूर पुरेसा तापत नाही, दोनशे अंशांच्या खाली डीईएफची (धूर शुद्ध करणाऱ्या युरियाच्या द्रावाची) फवारणी जवळजवळ थांबते आणि नायट्रोजन ऑक्साइड तसेच बाहेर पडतात. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचते ती वेगळीच. 'ब्रेकची हवा उतरते म्हणून गाडी बंद करत नाही' असे चालक सांगतात तेव्हा ब्रेकच्या लाइनमधली गळती काढायला हवी.

सवलती स्पष्ट लिहाव्या लागतील: वाहतूक कोंडी, डीपीएफची सफाई, घाट चढून आल्यावर टर्बो थंड होण्याची दोन-तीन मिनिटे, टिपरचा हौदा उचलणारे हायड्रॉलिक. काँक्रीट वाहणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरलाही सूट हवी, कारण त्याचा ड्रम थांबवला तर काँक्रीट आतच धरेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ नुसार चालक आसनावर नसेल तर इंजिन बंद असले पाहिजे. चालक आसनावर असताना किती वेळ चालू ठेवायचे, याबद्दल हे कलम गप्प आहे. स्वतंत्र शिक्षा नसल्याने कलम १७७ चे पाचशे रुपये, तेही क्वचितच कोणी वसूल करते. याच प्रकरणाखाली नियम करण्याचा अधिकार कलम १३८ राज्याला देते. परिवहन विभागाने त्याखाली पाच मिनिटांची मर्यादा घालावी, ट्रक थांबणाऱ्या जागेच्या मालकाला त्यात बांधावे आणि पार्किंग एसी बसवलेल्या ट्रकला मोटार वाहन करात सूट द्यावी. बंदराच्या आणि बाजार समितीच्या ट्रक तळांवर वीजजोडणीचे खांब उभारले, तर जुन्या ट्रकनाही लहान बॅटरी बँकेवर निभावता येईल.

– एक वाचक, नवी मुंबई