मनूस, वेलांटी आणि रफाराबद्दल

चि. मनू,

व्हॉट्सॲपवर एवढं लांब लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून मेल करतेय.

आधी घरचं. तू राउटरशेजारी चिकटवून गेलीस ती जाहिराती अडवणारी रास्पबेरी पायची डबी, तो छोटा कॉम्प्युटर, चालू आहे. पेपरच्या साइटवर जाहिराती दिसत नाहीत म्हणून बाबा खूश, फक्त यूट्यूबवर अजून येतात त्यामुळे त्यांच्या मते तुझं काम अर्धवट आहे. मी त्यांना तुझंच ऐकवलं, की डबी फक्त पत्ते अडवते, जाहिरातवाल्याचा पत्ता कुणी विचारला की माहीत नाही म्हणते, पण तिथे व्हिडिओ आणि जाहिरात एकाच पत्त्यावरून येतात तर अडवणार कशाला. पटलं नाही. गुरुवारी लाइट जायच्या आधी मी आठवणीने तिला शटडाउन करते, नाहीतर कार्ड खराब होतं म्हणालीस ना.

आता तुझा कन्व्हर्टर, मी पूर्वी जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड असलेल्या आजच्या मराठीत, बदलणारा. वाचनालयाच्या यादीचं आउटपुट पाठवलंस ते मी प्रिंट काढून लाल पेनने वाचलं, स्क्रीनवर प्रूफ वाचायची मला अजून सवय नाही. बरंचसं जमलंय गं, खरंच. पण जिथे चुकलंय तिथे सगळीकडे एकाच कारणाने चुकलंय.

तू फोनवर विचारलंस की तेव्हा तुम्ही सरळ मराठीत का नाही टाइप केलंत. अगं मराठीतच केलं! कॉम्प्युटरला ते मराठी आहे हे माहीत नव्हतं एवढंच. फॉन्टमध्ये जागा 256, त्यातल्याही सगळ्या वापरता यायच्या नाहीत, आणि त्यात अक्षरं नाही तर आकार भरलेले, अर्धा स वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. आत कोड इंग्रजी अक्षरांचे आणि वरून मराठी रूप, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळा कचरा दिसतो. आणि सोय नव्हती असं नाही, ईस्की म्हणजे भारतीय लिप्यांच्या कोडचं स्टँडर्ड 1991 चं, युनिकोडची पहिली आवृत्तीही 1991 चीच, आणि सीडॅक ही सरकारी कॉम्प्युटर संस्था तर आपल्या पुण्यातलीच, युनिव्हर्सिटीच्या आवारात, त्यांचा परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर सुद्धा त्याच वर्षीचा. पण अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या खोलीत होता पेजमेकर, पानं लावायचा प्रोग्राम, आणि त्याला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही. दिवाळी अंकाच्या सीझनला प्रेसवाला दारात उभा असायचा, बटर पेपरवर प्रिंट स्वच्छ आली की काम झालं. वीस-पंचवीस वर्षांनी कुणी यात सर्च करेल हा विचार तेव्हा कोण करणार.

तर वेलांटी. मी शिकले टाइपरायटरवर, मिनिटाला 30 नि 40 शब्दांची परीक्षा देऊन, आणि तिथे जे आधी दिसतं ते आधी मारायचं. 'स्थिती' म्हणजे आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये मात्र वेलांटी उच्चाराप्रमाणे शेवटी जाते. तू ती एक खूण पुढे सरकवतेस आणि थांबतेस, म्हणून 'सि्थती' असं झालंय. अर्धं अक्षर आलं की थांबायचं नाही, पूर्ण अक्षर मिळेपर्यंत पुढे जायचं, मग ठेवायची. रफाराचं याच्या उलट. तो आम्ही अक्षरावर सगळं चढवून झाल्यावर मारायचो, काना-वेलांटीच्याही नंतर, त्यामुळे 'मूर्ती' चं तुझ्याकडे 'मूतीर्' झालंय. त्याला मागे न्यायचं, वेलांटी ओलांडून, त ओलांडून.

मला सगळ्यात जास्त हसू आलं ते ट्रेकिंगच्या कपाटातल्या पुस्तकांचं. 'डोंगरदऱ्या' सगळीकडे 'डोंगरदर्या' छापलंय, सह्याद्री पार समुद्रात नेऊन बुडवलास की गं! दऱ्यातला र वेगळा असतो, आमच्या फॉन्टमध्ये त्या चंद्रकोरीला स्वतःची जागा होती आणि तू तिला साधा अर्धा र समजलीस. ही भानगड हिंदीवाल्यांना नाही, त्यामुळे नेटवरून घेतलेल्या हिंदी कोडमध्ये ती सापडणार नाही, आणि तू ज्या एआयला विचारून टेबल बनवलंस त्याने बेधडक रफार सांगितला असणार. त्याला विचार जरूर पण हे टाइप केलेली बाई घरात बसलीय तिलाही विचार की.

मैत्रिणी म्हणतात प्लेसमेंटच्या वर्षात असले उद्योग कशाला, रेझ्युमेवर काय लिहिणार. लिही की, पुण्यातल्या एका वाचनालयाची यादी शोधता येईल अशी केली. कुणी इंटरव्ह्यूत हसलं तर त्याला 'स्थिती' ची वेलांटी कोडमधून हलवून दाखव म्हणावं. तेवढा वेळ अभ्यासातून जातो हे मलाही दिसतं, पण रात्री दोनपर्यंत रील्स बघण्यापेक्षा हे मला चालेल.

श आणि ल चं आत्ता सोड. सरकारने 2009 मध्ये देठाचा श आणि पाकळीचा ल ठरवून दिला खरा, पण तो फॉन्टचा प्रश्न आहे, कोड तोच राहतो, पेजला भाषा मराठी असं सांगितलं आणि फॉन्टमध्ये सोय असली की आपोआप येईल. अडलंय ते ॲ पाशी. यादीत वकील लेखक बरेच आहेत, आणि तुझ्या आउटपुटमध्ये 'ॲड.' दोन प्रकारे आलंय, कुठे एकच अक्षर म्हणून तर कुठे अ वर चंद्र देऊन. डोळ्याला सारखंच दिसतं, प्रूफात मला कळलंच नसतं, पण मी फाइलमध्ये सर्च मारला तर निम्मेच वकील सापडले. दऱ्यातल्या र चंही तसंच होईल, तोही दोन रीतींनी लिहिता येतो. कुठलंही एक ठरव, आउटपुट सगळं त्यातच काढ, आणि सर्चच्या खिडकीत माणसाने दुसरं टाइप केलं तर ते आधी बदलून घे.

हे ठरलं की कळव, मग कवितांच्या आणि बालविभागाच्या फाइली पाठवते. बालविभाग दुसऱ्या फॉन्टमध्ये आहे, त्याचं टेबल वेगळं लागेल, आत्ताच सांगून ठेवते.

तुझी आई