कान तुटलेला कप

पुणे
१२ फेब्रुवारी

प्रिय नीलिमा,
सप्रेम नमस्कार.

वर्ग कसा चालला आहे, असे तू फोनवर विचारलेस आणि मी विषय टाळला. आता सविस्तर लिहिते.

स्त्री-अभ्यासाच्या पेपरात या वेळी मी मुक्ताबाई साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध घेतला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या या मुलीचे लेखन १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आले, हे तुला ठाऊकच आहे. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, असे ती त्यात सांगते. तेवढे वाचून झाल्यावर मी, आपल्याला शिकवले होते तसेच, प्रत्येकीला जातीचा स्वतःचा अनुभव लिहून वर्गात वाचायला सांगितले. शिवाय त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण ठेवले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, तिने दोन ओळी वाचल्या, कागदाची चौघडी केली आणि म्हणाली, “मॅडम, पुढचं नाही वाचत. आधी तुमचं सांगा.”

पणजीच्या केशवपनाची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. ती मी दरवर्षी सांगते आणि वर्ग हळहळतो. त्या गोष्टीत आमच्या घरची बाई सोसणारी असते, माझ्याकडे कोणाचे बोट जात नाही. म्हणून मी दुसरी सांगितली. संडास झाडायला येणाऱ्या मावशींसाठी मागच्या कोनाड्यात कान तुटलेला कप उपडा घातलेला असे, आणि भांड्याला भांडे लागू न देता वरून चहा ओतण्याचे काम माझ्याकडे होते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. थेंबही सांडत नाही म्हणून आई माझे कौतुक करी.

ती मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, “मग आता आम्ही काय करायचं? तुम्हाला माफ करायचं?”

फुल्यांच्या त्याच १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचा धागा धरून समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी स्त्रीवादी अध्यापनाविषयी जे मांडले, ते मी वर्षानुवर्षे शिकवत आले. पण मन मोकळे केल्याने माझी नोकरी जात नाही आणि तिने केले तर उद्या वसतिगृहात तिच्याकडे कोण कसे पाहील याचा हिशेब तिलाच करावा लागतो, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते.

मोठ्याने वाचण्याची अट मी दुसऱ्याच दिवशी काढली आणि अनुभवाला गुण देणेही बंद केले. यामुळे वर्ग कोरडा होईल, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे, होऊ दे. त्या मुलीने मुक्ताबाईंच्या निबंधातल्या त्या छपरावर आठ पाने लिहून दिली, त्यात स्वतःविषयी एक अक्षर नाही. लेखन फार चांगले आहे. तुला पाठवावे असे वाटते, पण तिला विचारल्याशिवाय कसे पाठवू?

तुझी,
माधवी