श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी एक खोली तरी पुरी होऊ द्या

ती. आई-अण्णा,
सा. न.

आधी सांगून टाकते, नाहीतर मिस्तरीकडून कळेल. माडीचं काम मी थांबवलंय. अण्णा, रागावू नका, माडी रद्द नाही, दिवाळीनंतर बघू. आता फक्त तुमची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम.

चार ठिकाणी उकरलेलं घर कुठेच पुढे सरकत नाही. फरशीवाला प्लंबरची वाट बघतो, प्लंबर भिंत फोडून मिळायची, आणि मिस्तरी आखाजीच्या सणाला गावी गेला की सगळंच आडवं. एकच खोली धरली की एकाचं संपतं तिथे दुसरा हात घालतो.

आई, बाथरूमला कोठीची खोली घेतेय. माहीत आहे, तू म्हणशील, "आते कसाले इतला खर्च?" पण रात्री अंगण ओलांडून परसात जाणं नको. गेल्या पावसाळ्यानंतर तर नकोच. तुझ्या कोठ्या माजघरात उत्तरेच्या भिंतीला बसतात, मोजून घेतलंय.

मृगाआधी धाबं, म्हणजे आपलं मातीचं छत. स्लॅब करणार नाही, घाबरू नका. मे महिन्यात त्या गारव्यात तुमच्या दोघांच्या मध्ये झोपायचा हट्ट करणारी मीच होते. पण अण्णा, दरवर्षी तुम्ही हौसेनं वर टाकता ती खारी माती साठत गेलीय. एक इंच थर म्हणजे चौरस फुटाला सुमारे चार किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर जवळजवळ पाचशे किलो. छताची मधली लाकडी कडी त्यानंच वाकलीय. तुमचं चुकलं असं नाही, गळतं तेव्हा सगळेच माती टाकतात. या वेळी जुने थर खरवडून मगच नवा. कड्यांची भिंतीत गेलेली टोकं खिळ्यानं टोचून बघायला लावा, कुजायला सुरुवात तिथूनच होते. खिळा सहज आत गेला तर ती कडी बदलायचीच.

बाथरूम पाच बाय सात. खाली एक फुटी खडबडीत फरशी, 35 लागतील, तुटफूट धरून 40 घ्या आणि एकदमच. मागाहून आणलेल्या पेटीचा रंग जुळत नाही. सात फुटांत जाळीकडे एक इंच उतार, पाण्याची पातळी लावून. फरशीच्या आधी वॉटरप्रूफिंग, मग जाळीत बोळा कोंबून 48 तास पाणी भरून ठेवायचं, काठाला पेन्सिलीची रेघ. उन्हानं थोडं उतरेलच, पण बोटभर उतरलं तर फरशी लावू देऊ नका. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, आणि भिंतीला तडे तिथूनच येतात.

कमोडची बैठक जमिनीपासून 18 इंच, अण्णांच्या गुडघ्यांसाठी. धरायचा दांडा नव्या विटांच्या भिंतीतच. जुन्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, ओढला की हातात येईल.

प्लास्टरच्या आधी वायरिंगचे पाइप भिंतीत गेलेच पाहिजेत. प्लास्टरवर या उन्हात किमान 10 दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी, मध्ये ओलं गोणपाट. पाणी नळाचं. बोअरचं खारं पाणी मारलंत तर भिंतीला लोणा धरतो आणि रंग पापुद्र्यानं सुटतो. माडीसाठी आणलेलं सिमेंट दिवाळीपासून पडून आहे; ज्या गोणीतले खडे बोटांनी चुरत नाहीत ती वापरायची नाही. जीव तुटेल, तरी नाही.

आता रागवून सांगते. उचल द्यायची नाही. जेवढं काम झालं तेवढेच पैसे, आणि शेवटचे पैसे दार नीट लागतंय, कडी बसतेय हे बघून. धाब्यावर अण्णांनी चढायचं नाही, खालून बघायचं. धुळीच्या दिवसांत आईनं मावशीकडे राहायचं, श्वासाचा पंप पिशवीत टाकून. दुपारची झोप बुडवायची नाही, मिस्तरी काही पळून जात नाही.

रेडिओचा कोनाडा तसाच ठेवायला सांगितलाय, शेजारी फक्त एक प्लग येईल. पलंगाची बाजूही तीच, खिडकीकडे.

कानबाई बसायच्या आधी रंगाचा हात व्हायला हवा. कोठ्या माणसं हलवतील. नैवेद्याच्या रोटाच्या गव्हाची कोठी तेवढी कुणाला हलवू देऊ नकोस आई, मी आले की आपण दोघी हलवू.

तुमची,
बेबी