काका, तुम्ही सांगा

दादा, नमस्कार.

त्या दिवशी घाईघाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निघाले, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

गाडी दुरुस्तीला तुमच्याकडे आणेपर्यंत आम्ही पार थकलो होतो. ड्रायव्हरच्या दाराची, स्विचवर चालणारी काच एकदा खाली गेली की वर कधी येईल याचा भरवसा नव्हता. अर्धवट उघड्या काचेची गाडी बाहेर उभी करून रात्री झोप लागत नाही, आणि पावसात चिकटवलेलं प्लॅस्टिक किती टिकतं ते सगळ्यांना माहीत आहे. एका ठिकाणी काचेच्या मोटरच्या वायरीला व्होल्टेज मोजायचा मीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, ‘सप्लाय येतोय म्हणजे मोटर गेली’ असं सांगून मोटर बदलली. दुसरीकडे स्विचचा अख्खा सेट नवा बसवला. काच थोडे दिवस चालायची आणि पुन्हा तेच. दाराचं पॅड इतक्या वेळा काढलं-लावलं की क्लिपा तुटल्या आणि दार खडखडायला लागलं.

या सगळ्या काळात बाबा एकच गोष्ट सांगत होते. दार थोडं उघडं असलं की काच चालते, लावलं की बंद पडते. गाडी त्यांची, रोज तेच चालवतात. एका मेकॅनिकने मात्र माझ्याकडे बघत म्हटलं, “त्यांना बाजूला बसू द्या, आम्ही बघतो ना.” बाबा गुपचूप बाजूला जाऊन बसले. त्यानंतर गाडीबद्दल ते कुठेच काही बोलले नाहीत. खर्च झाला त्याचं वाईट वाटलं, पण हे जास्त झोंबलं. अजूनही झोंबतं.

तुम्ही हत्याराला हात लावायच्या आधी विचारलंत, “गाडी चालवतं कोण?” मी बाबांकडे बघितलं. तुम्ही हात पुसलेत, मला तिथेच सोडून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, “काका, तुम्ही सांगा.” बाबा अडखळले, माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही थांबलात. त्यांच्या वतीने मी बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही हातानेच मला थांबवलंत. मग विचारलंत, “दार किती उघडं असताना चालते?” हा ‘किती’ तोवर कुणी विचारलाच नव्हता. बाबांनी उठून दार धरलं आणि दाखवलं, इतकं.

पुढे तुम्ही त्यांनाच सीटवर बसवलंत, स्विच दाबून धरायला सांगितलंत आणि दार हळूहळू हलवत राहिलात. एका जागी दार आलं आणि काच झटका देऊन वर सरकली. “काका, तुमचं बरोबर होतं,” तुम्ही म्हणालात. एवढ्या महिन्यांत बाबांना असं म्हणणारे तुम्ही पहिले.

बिघाड दारात नव्हताच. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून वायरी जातात. दार उघड-बंद होताना त्या तिथेच वाकतात, आणि ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं. बाहेरून वायर धडधाकट, आत तांब्याच्या तारा तुटत तुटत एखाद-दुसरीच शिल्लक. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, म्हणून त्या एका तारेवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोटर करंट ओढायला लागली की तेच व्होल्टेज कोसळतं. तुम्ही वायरला बल्ब लावून तो कसा मंद पेटतो ते बाबांना दाखवलंत आणि त्यांनी मान डोलावली. शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कुणीतरी बोलत होतं.

दुरुस्तीतलं मला फारसं कळत नाही. पण वायरीला पीळ देऊन वर टेप गुंडाळणं तुम्ही केलं नाहीत, सोल्डर करून सांधा वाकण्याच्या जागेपासून लांब ठेवलात, हे बघितलं. डिकीत पडलेली जुनी मोटर तुम्ही थेट बॅटरीला लावलीत, वायरी उलटसुलट करून दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवलीत आणि म्हणालात, “चांगली आहे, जपून ठेवा.” आधीच्यांना एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. मी मात्र ठेवते. मीटर त्यांच्याकडेही होता. समोर बसलेल्या माणसाला विचारायची तसदी त्यांनी घेतली नाही.

वय झालेल्या माणसाबरोबर कुठेही जा, दुकानात, दवाखान्यात, बँकेत, प्रश्न सोबत आलेल्यालाच विचारतात. त्यांच्या डोळ्यांदेखत, ते तिथे नसल्यासारखे. तुमच्या वागण्यात मुद्दाम दाखवलेला आदरही नव्हता. गाडीची माहिती ज्याच्याकडे आहे त्याला विचारायचं, इतकं ते साधं होतं. ज्यांना असं वागणं आपसूक जमतं, त्यांच्याविषयी मला फार वाटतं.

बॅटरी काढल्यामुळे एका टचमध्ये काच वर जाणं बंद झालं होतं. काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच धरून ठेवायचा, हेही तुम्ही बाबांनाच शिकवलंत, त्यांच्याकडून करून घेतलंत. आता शेजारच्या दाराच्या रबराला बारीक चीर पडलेली त्यांना दिसली आहे, आतली वायर तुटायच्या आत ती तुम्हाला दाखवायची म्हणतात. या वेळी ते एकटेच येणार आहेत. मला बरोबर येऊ नकोस म्हणाले.

तुमची मनापासून आभारी,
काकांची मुलगी