आधी पाणी बघायला ये

सावईवेरे,
चतुर्थीनंतरचा रविवार

प्रिय सुधीर,

तुझं पत्र पोचलं. चार कुटुंबांनी मिळून कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, घ्यायचं, एकच रांधप, एकच हिशेब! कॉलेजात असताना मिरामारच्या वाळूत बसून आपण हेच बेत करायचो, आठवतं? नाही म्हणत नाही. पण एक हकिकत ऐक.

कॅलिफोर्नियात जॉब हॅरिमन नावाचा समाजवादी वकील होता. १९११ साली लॉस एंजेलिसचा महापौर होता होता राहिला. मतपेटीचा नाद सोडून त्याने १ मे १९१४ ला मोहावे वाळवंटाच्या कडेला यानो देल रिओ ही सहकारी वसाहत मांडली. सभासदाने एकेक डॉलरचे २,००० भाग घ्यायचे, काही रोख, बाकीचे मजुरीतून. मजुरी सगळ्यांना सारखी, दिवसाला ४ डॉलर, तीही बहुतेक वहीतच जमा. मूठभर कुटुंबांची तीन वर्षांत हजाराच्या आसपास माणसं झाली. फळबागा, चुनाभट्टी, छापखाना, मॉन्टेसरी शाळा, सगळं उभं राहिलं.

अॅलिस कॉन्स्टन्स ऑस्टिन या बाईने तर तिथे गोलाकार नगर आखलं होतं. घरांना स्वयंपाकघरच नाही. जेवण मध्यवर्ती रांधणीतून भुयारी वाटेने घरोघर. आमच्या हिने हे ऐकून नारळ खोवायची आडोळी बाजूला सारली आणि विचारलं, ‘आनी आयदनां कोण घासतलो?’ म्हटलं, तीही त्याच भुयारातून परत. तेव्हा कुठे समाजवाद तिला पटला! नगर मात्र कागदावरच राहिलं.

कारण पाणी. बिग रॉक क्रीक नावाचा एक ओढा, त्यावर शेजाऱ्यांचेही हक्क. धरणाला सरकारने परवाना दिला नाही. त्यात सभांमधली भांडणं. नाराजांचा गट झुडपाची डहाळी कोटाला खोचून फिरायचा. १९१७ च्या अखेरीस बरीच मंडळी लुइझियानाला निघाली. तिथे नवं यानो आणखी वीसेक वर्षं तगलं. जुन्या जागी रस्त्याकडेला आता दगडी धुराडी तेवढी उभी आहेत.

आपली गावकारी, गावची जमीन सामाईक सांभाळणारी गोव्याची जुनी संस्था, बघ. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली तिचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणजे ती त्याही आधीची. तिने खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचा, बांध आणि मानस, म्हणजे पाण्याचं दार, आधी सांभाळली; जोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, मागाहून वाटला. अर्थात जोण गावकारांच्या पुरुषांनाच. कुळांना, बायकांना कोण विचारतो! यानोतही गोऱ्यांनाच प्रवेश होता. बंधुत्वाच्या गप्पा मारणाऱ्यांचं हे मला जास्त खुपलं. आपल्या यादीतल्या चार कुटुंबांची आडनावं तू एकदा पुन्हा वाच.

आमच्या पाटाला आत्ता गुडघाभर पाणी आहे. वाटेल त्याला उदार व्हावंसं वाटतं. मे महिन्यात तेच करंगळीएवढं होतं आणि पाळीसाठी दोघे सख्खे भाऊ रात्री दोनला कंदील घेऊन बांधावर उभे असतात. जागा बघायला तेव्हाच ये. वहिनींनाही आण.

तुझा,
दिगंबर