छायाचित्राखालची ओळ काढू नका

रविवार पुरवणीतील समकालीन छायाचित्रकलेवरचा लेख वाचला. प्रदर्शनात छायाचित्राखाली मजकूर नकोच, प्रतिमेनेच गोष्ट सांगावी, हे त्यातील मत कल्पित रचनांपुरते मान्य. वास्तवाची नोंद म्हणून काढलेल्या छायाचित्रांना मात्र ते लागू पडत नाही.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचे 'मायग्रंट मदर' (स्थलांतरित आई) हे १९३६ मधील छायाचित्रच घ्या. गालाशी टेकलेली बोटे, दोन्ही खांद्यांवर पाठमोऱ्या मुलांची डोकी, मांडीवर तान्हे मूल. रचना इतकी नेमकी की १९३०च्या दशकातील अमेरिकेच्या महामंदीतील आईचे ते प्रतीकच होऊन बसले. लँग यांनी त्या बाईंचे वय आणि मुलांची संख्या टिपली. नाव विचारले नाही. ते जगाला कळले १९७८ मध्ये. त्या बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी या अमेरिकेतील मूळनिवासी जमातीच्या वंशाच्या होत्या आणि त्या छायाचित्रावर नाराजही होत्या. चार दशके चेहरा सर्वांच्या ओळखीचा, बाई मात्र अनोळखी!

तेव्हा कलादालनांनी स्थळ, तारीख आणि संमती असल्यास व्यक्तीचे नाव छायाचित्राशेजारीच, वाचता येईल अशा अक्षरांत द्यावे. नाव उघड केल्याने कुणाला धोका असेल, तर ते का दिले नाही एवढे तरी लिहावे. प्रेक्षकाला मजकूर नको असेल तर तो वाचणार नाही. पण तो निर्णय दालनाने परस्पर घेऊ नये.

- एक वाचक